परतीच्या खुणा

मोटारी नव्या आणि रस्ते जुने होते, त्या दिवसांतली ही गोष्ट. फाट्यांवर पाट्या नव्हत्या. वाट विचारावी तर माणूस भेटेलच असं नाही, आणि भेटला तर तो दोनांपैकी एका प्रकारचा निघे. एकाला वाट माहीत नसे, पण तसं कबूल करायला त्याची जीभ रेटत नसे. दुसऱ्याला पक्कं माहीत असे, पण मोटारीच्या आवाजानं त्याची शेळी बुजलेली असल्यामुळे तो मुद्दाम उलटीकडे हात दाखवी.

अशा अडल्या मोटारवाल्यांसाठी एका छापखान्याच्या मालकांनी वाटपुस्तक काढलं. आधी ते आगगाड्यांची वेळापत्रकं छापत, त्यामुळे प्रवासाला निघालेला माणूस किती घाबरट असतो हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. पुस्तकात नकाशेही होते, पण नकाशा बघून मोटारवाले आणखीच गोंधळत. कुणी तो उलटा धरी, कुणी नकाशा बॉनेटवर पसरून स्वतःच त्याच्याभोवती फिरे. सगळी भिस्त होती ती खुणांवर. टपालकचेरीकडे पाठ करून निघा, मनोऱ्याच्या घड्याळापाशी उजवीकडे, दगडी पुलानंतर चढण, चढणीवर विटांची भट्टी दिसली की डावीकडे. असं वाचत वाचत माणूस परगावी पोचे, आणि काम आटोपलं की पान उलटून परतीची वाट वाचायला घेई.

या परतीच्या वाटेनंच पहिल्या आवृत्तीचे बारा वाजवले. खुणा टिपणारे दादा जातानाची वाट प्रत्यक्ष बघून लिहीत आणि परतीची टेबलापाशी बसून. डाव्याचं उजवं करायचं, उजव्याचं डावं, आणि ओळी खालून वर लिहायच्या; काम हातचा मळ वाटलं. पण एका वळणाला ‘पांढरं घर’ अशी खूण होती, आणि ते घर फक्त समोरूनच पांढरं होतं. मागच्या भिंतीला ओल येते म्हणून घरमालकानं तिला डांबर फासलेलं. परतणारे मोटारवाले पांढरं घर शोधत सरळ निघून जात आणि दगडाच्या खाणीत जाऊन थांबत. खाणकामगारांची चांगली करमणूक झाली. मालकांची झाली नाही.

ती चूक निस्तरायला दादा पुन्हा त्या रस्त्यावर निघाले, तेव्हा त्यांचं लग्न नुकतंच झालं होतं. घरात दुसरं माणूस नव्हतं, आणि नव्या नवरीला कुलूप घालून कसं जायचं, म्हणून त्यांनी बायकोलाही बरोबर घेतलं. मोटार चालवायला दादांचा धाकटा भाऊ होता. तो तिला वहिनी म्हणे. त्याचं ऐकून छापखान्यातले सगळे वहिनी म्हणू लागले, अगदी वडिलांच्या वयाचे मालकसुद्धा. तेव्हा आपणही वहिनीच म्हणू.

मोटार जुन्या घडणीची. पुढे एक बाक, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून दुसरा बाक, मागे तोंड केलेला. पुढे दोघे भाऊ बसले, मागे वहिनी, मांडीवर जेवणाची टोपली, डोक्याला घट्ट रुमाल. सकाळपासून त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. ते बदनाम वळण मागे पडलं तशी मान वळवून म्हणाल्या, "अहो, तुमचं पांढरं घर इकडून काळं आहे."

दादांनी गाडी थांबवायला लावली. उतरून मागे आले, त्यांच्याशेजारी उभे राहिले आणि बराच वेळ घराकडे बघत राहिले. मग बायकोकडेही बघितलं, बहुधा लग्नानंतर पहिल्यांदाच नीट. धाकटा म्हणाला, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात ते काही खोटं नाही. चिडवायची लहर आली की तेव्हापासून तो त्यांना ‘मागची शहाणी’ म्हणे. आणि परतीच्या खुणा त्या दिवसापासून वहिनींकडे आल्या.

काम असं चाले. पुढून दादा मोठ्यानं खूण सांगत आणि मांडीवरच्या पाटीवर टिपून घेत. तीच जागा मागे पडली की वहिनी तिच्याकडे परतणाऱ्याच्या नजरेनं बघत आणि आपल्या कागदावर लिहीत. एकाच फेरीत जाणंही होई आणि येणंही. संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत टेबलाच्या दोन बाजूंना बसून दोघं कागद जुळवत, आणि जुळवता जुळवता भांडत. दादांचा नियम कडक होता: खूण जागची हलता कामा नये. रंग नको, तो बदलतो. झाड नको, ते पडतं. जनावर तर नकोच नको. धाकट्यानं एकदा गमतीनं ‘बांधलेला घोडा’ असं घुसडून दिलं होतं, ते मालकांच्या नजरेला पडायच्या आत दादांनी खोडलं. वहिनी झाडांच्या बाजूनं होत्या. आजोबा-पणजोबांपासून उभं असलेलं झाड आपल्या एका आवृत्तीपुरता तरी दम धरेल, असं त्यांचं म्हणणं. हा तंटा कधी मिटला नाही. झाडं मात्र परतीच्या पानांत गुपचूप शिरत राहिली.

संसार झाला तो असा रस्त्यावरच. मूलबाळ नव्हतं. त्याचं दुःख दोघांनी केलं, वेगवेगळं केलं आणि एकत्रही केलं, आणि पुढे ते हळूहळू निवलं. घर होतं, पण घराला त्यांची सवय नव्हती. परत यावं तर दार फुगून बसलेलं, कपाटात पावाचे वाळलेले तुकडे. एक-दोन दिवस दादा घरात बरे असत. त्यानंतर येरझारा सुरू. खिडकी उघडत, मिटत, जिना उतरून रस्त्यावर उभे राहत आणि जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांना उगीचच रस्ता सांगत. पुढची फेरी निघाली की त्यांचा चेहरा लहान मुलासारखा खुले. वहिनींना त्या चेहऱ्याचं फार अप्रूप होतं.

आणि गंमत बघा, जन्म बरोबर काढलेल्या या नवराबायकोनं दिवसाचे दिवस एकमेकांकडे पाठ करून घालवले. मधे बाकाची पातळ पाठ, चामड्याखाली जरासा काथ्या. त्यामुळे वहिनींना दादांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांच्या पाठीची भाषा जास्त येई. ते हसले की बाक हले. विचारात पडले की पाठ डावीकडे कलंडे. घाटातल्या वळणांवर ती आक्रसून जाई, आणि संध्याकाळी दादा सांगत, घाट काय, घाटाचं मला काही वाटत नाही.

म्हणून दादांचं काहीतरी बिनसलंय हेही त्यांना आधी पाठीवरूनच कळलं. एका वर्षी ती पाठ बाकाला टेकेनाशी झाली. दादा सारखे पुढे वाकून बसू लागले. वहिनींना वाटलं कंबर धरली असेल, तेल चोळून देते म्हणाल्या. तर कंबरेला काय धाड भरलीय, असं उत्तर मिळालं. मग मुक्कामाच्या खोलीत दादा कागद तिरका धरून वाचू लागले आणि दिव्याला नावं ठेवू लागले. एकदा चहा कपाच्या शेजारी ओतला आणि दोष किटलीच्या चोचीला दिला. वहिनींनी टेबल पुसलं. तेवढ्यावर त्यांनी विचार थांबवला, कारण पुढे जायची त्यांना भीती वाटली.

पुढे गिरणी आली. नदीकाठच्या रस्त्यावर दादा ठणठणीत आवाजात म्हणाले, लाल दाराची गिरणी, उजवीकडे. गाडी वळली. आता गिरणी मागे दिसणार म्हणून वहिनींनी पेन्सिल सरसावली, तर मागे एक मोकळा चौथरा आला आणि विटांचे ढीग. गिरणी पाडून बरेच महिने झाले असावेत, ढिगांवर गवत माजलं होतं.

पेन्सिल हातातच राहिली. खोटं सांगणारा माणूस नव्हता तो. त्याला गिरणी दिसली नव्हती, आणि गिरणी नाही हेही दिसलं नव्हतं. जुन्या आवृत्तीतली ओळ त्यानं आठवणीतून म्हटली होती. वाकून बसणं, तिरके कागद, सांडलेला चहा, सगळ्याचा अर्थ वहिनींना एकदम लागला. त्यांनी धुळीचा रुमाल डोळ्यांपर्यंत ओढला आणि त्या रडल्या. पुढे धाकटा कुठल्याशा घोरणाऱ्या पाहुण्याचा किस्सा सांगत होता, दादा खो-खो हसत होते, हसता हसता म्हणाले, लोखंडी सज्जाची खानावळ, डावीकडे. गाडी डावीकडे वळली. वहिनींना ना खानावळ दिसली ना सज्जा. डोळे भरलेले असले की मागे काय आहे ते कळत नाही. संध्याकाळी त्या वळणाची परतीची ओळ त्यांनी जुन्या पुस्तकातून उतरवून काढली. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

गिरणीचा विषय कसा काढावा याची जुळवाजुळव त्या करत होत्या, तोच दादा आपणहून म्हणाले की गिरणी नको, तिच्याऐवजी दगडी हौद घालू, गिरण्यांचं काही खरं नसतं. वहिनींचा जीव भांड्यात पडला. इतक्या सहजासहजी सुटका कशी झाली, हा प्रश्न त्यांना पडायला हवा होता. पडला नाही.

मालकांना कळलं तर दादांचं फिरणं संपणार, एवढं त्यांना स्वच्छ दिसत होतं. आणि फिरणं संपलं तर हा माणूस त्या दोन खोल्यांत कसा जगेल, ते त्यांना दिसत नव्हतं. दुसऱ्या बाजूला कुठल्याशा फाट्यावर पुस्तक हातात धरून उभा असलेला एखादा अनोळखी मोटारवालाही त्यांच्या डोळ्यांपुढे येई. आपलं काय वाकडं केलं होतं त्यानं? पण अनोळखी माणूस लांबचा आणि नवरा जवळचा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत त्यांनी ठरवलं, आपण डोळ्यांत तेल घालून बघायचं, दादांची प्रत्येक खूण मागून पारखायची आणि चुकली तर संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून बदलायची.

थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की या कटात आणखी एक जण आहे. ज्या धाकट्यानं उभ्या आयुष्यात कुणाच्या छपराकडे मान वर करून बघितलं नव्हतं, तो आता शाळा जवळ आली की मोठ्यानं म्हणे, वा, या शाळेचं छप्पर अजून पत्र्याचंच! चौक आला की कारंज्याला नावं ठेवी. दीर-भावजय दोघंही जाणून होते, पण दोघांनी एकमेकांना ताकास तूर लागू दिली नाही.

पुस्तकाची कच्ची छपाई हातात आली की मालकांची एक पद्धत होती. तिला छापखान्यात ‘परक्याची फेरी’ म्हणत. चिठ्ठी टाकून एक वाट निवडायची, आणि ती वाट कधीच न बघितलेल्या माणसाला तिच्यावर गाडी चालवायला लावायची. मालक शेजारी बसून छापील ओळ वाचणार, पदरचा शब्द घालणार नाहीत. खुणा लिहिणाऱ्यांनी मागे बसायचं आणि तोंडाला कुलूप लावायचं. खोकला आला तरी गिळायचा. का, तर पुस्तक विकत घेणाऱ्याच्या गाडीत मागे दादा-वहिनी बसलेले नसतात.

त्या वर्षी परकी म्हणून आली ती एक सुईण. उंच, थोराड हातांची, गावोगावी बाळंतपणं करत हिंडणारी बाई. सायकल सोडून तिनं नुकतीच छोटी मोटार घेतली होती, आणि नवा भाग पायाखाली घालायला मिळतोय म्हणून खुशीत होती. चिठ्ठी निघाली ती नेमकी नदीकाठच्या रस्त्याची. वहिनींना तो मोकळा चौथरा आठवला. पण गिरणी तर आपण काढली, आता भ्यायचं कशाला, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

सुईणबाईंच्या मोटारीत सगळे बाक पुढे तोंड केलेले. रस्त्यावर दादांच्या शेजारी बसायची वहिनींची ही पहिलीच वेळ. सगळं अंगावर येत होतं, खांब, भिंती, गाड्या, माणसं, आणि त्यांना गरगरल्यासारखं झालं. दादा मात्र गुडघ्यांवर हात ठेवून निवांत होते. मालक ओळ वाचत, सुईणबाई मान हलवत, खूण येई, गाडी वळे. दगडी हौदही बिनबोभाट पार पडला.

"लोखंडी सज्जाच्या खानावळीपाशी डावीकडे," मालकांनी वाचलं.

समोर खानावळ होती. तिच्या भिंतीला नवा गिलावा होता आणि सज्जाचा पत्ता नव्हता. सुईणबाईंनी तिच्याकडे बघितलं, सज्जा नाही म्हणून सोडून दिलं आणि गाडी पुढे काढली. काही घरं पलीकडे एका लोहारानं दुकानावर मजला चढवला होता. खाली पेट्रोलचे डबे, दारात बाकं, बाकांवर चहा पिणारे गाडीवान, आणि वर तोच तो द्राक्षाच्या पानांच्या नक्षीचा सज्जा. खानावळवाल्यानं विकला होता, लोहारानं घेतला होता. जागची कधी न हलणारी दादांची खूण उठून शेजारी राहायला गेली होती. "ही बघा खानावळ," म्हणत सुईणबाईंनी गाडी डाव्या बोळात घातली.

वहिनींनी तोंड उघडलं आणि मिटलं. बोलावं तर सगळं उघडं पडणार. न बोलावं तर कदाचित सुईणबाई स्वतःच चूक ओळखून मागे फिरतील, कदाचित बोळ पुढे जाऊन मुख्य रस्त्याला मिळेल, कदाचित काहीही होईल. शेजारी दादा समाधानानं अगदी हळू पुटपुटले, आता पूल. पूल नव्हता. दोन्ही बाजूंची कुंपणं जवळ जवळ येत चालली, चाकांखालचे दगड संपून गवत लागलं, आणि दादांच्या चेहऱ्यावर पुलाची वाट बघणारं हसू तसंच होतं. ते हळूहळू विरत गेलं. वहिनींना ते बघवेना. आयुष्यभर पाठ लावून बसल्या होत्या तेच बरं होतं, असं त्यांना त्या क्षणी वाटलं.

वाट एका शेताच्या फाटकापाशी संपली. फाटकापलीकडून एक गाय त्यांच्याकडे बघत होती. सुईणबाईंनी यंत्र बंद केलं. त्या चिडल्या नव्हत्या. मागे वळून म्हणाल्या, "माझा राग नाही हो. फक्त, पुलापलीकडे माझी बाळंतीण असती, तर आत्ता ती एकटी असती."

"चूक माझी आहे," वहिनी म्हणाल्या. "त्या वळणावर मी बघितलंच नाही. जुनी ओळ उतरवली."

मालकांनी कागद उलटसुलट करून बघितला. "तुमची ओळ परतीची, वहिनी. ही जातानाची आहे."

"जातानाची माझी," दादा म्हणाले. खूण सांगताना लागायचा तोच त्यांचा आवाज होता, स्वच्छ आणि मोठा. "मला दिसत नाही. मधे धुकं असतं, कडेकडेनं थोडं दिसतं. डॉक्टरकडे जाऊन आलो, चष्म्यानं भागणार नाही म्हणाले."

मालकांनी हातातल्या कागदावरून पुन्हा नजर फिरवली. शेवटी म्हणाले की इतर सगळ्या खुणा तर बरोबर निघाल्या, आठवणीवर एवढं बरोबर कसं येईल?

"आठवणीवर नाही. हिच्या पाठीवर." दादा वहिनींच्या दिशेनं वळले. "मी खूण सांगायचो आणि मागे टेकायचो. चुकली असली की तुझी पाठ ताठ व्हायची. मग मी ती ओळ खोडायचो. गिरणीला तर तू लाकडासारखी झालीस. पण सज्जाच्या वेळी तुझी पाठ हलत होती. धाकट्याचा किस्सा चालला होता ना, मला वाटलं तू हसतेस. म्हटलं, खूण बरोबर आहे."

"मी रडत होते," वहिनी म्हणाल्या.

एवढे दिवस आपण एकटीनं ओझं वाहिलं असं वहिनींना वाटत होतं, आणि ते ओझं दुसऱ्या टोकाला दादांच्याच खांद्यावर होतं. त्यांना राग आला. माझ्यापाशी लपवलंत म्हणून आला, आणि मीही लपवलंच की, हे आठवून तो निम्म्यावर अडकला. दादांचा हात बाकावर चाचपडत त्यांचा हात शोधत होता. त्यांनी तो शोधू दिला नाही, आपणच पुढे करून दिला. मालक बराच वेळ चष्मा पुसत होते. मग घसा खाकरून म्हणाले, परक्याच्या फेरीत बोलायचं नाही असा नियम आहे, आणि पुन्हा चष्मा पुसू लागले.

दादांना काढायचं मालकांच्या मनात नव्हतं. खुणा बरोबर असल्या की झालं, त्या कुणाच्या डोळ्यांनी बघितल्या ते मी कुठे छापतो, असं त्यांनी सांगून बघितलं. पण दादा ऐकेनात. न बघितलेली खूण आपल्या हातून एकदा छापली जाणार होती, ती सुईणबाईंनी अडवली. पुन्हा तो धोका नको. त्यांनी पाटी आणि पेन्सिल वहिनींच्या हवाली केली आणि ते घरी बसले.

वहिनी पुढच्या बाकावर आल्या, आणि पहिल्याच दिवशी फजिती झाली. त्यांना खूण दिसे ती मागे पडल्यावरच. चर्च गेलं की मान वळवून चर्च म्हणत, पूल गेला की पूल. धाकटा म्हणाला, "वहिनी, मोटारवाला काय गाडी उलटी चालवणार आहे? येण्याआधी सांगा." त्यांनी सांगितलं की भावोजी, मी जन्मभर गेलेलंच बघत आले, येणारं कसं बघतात ते मला माहीत नाही. धाकट्यानं त्या दिवशी गाडी बैलगाडीच्या चालीनं हाकली. हळूहळू त्यांना लांबचं बघता येऊ लागलं. परतीची वाट आता परत येताना टिपायची, म्हणजे काम दुप्पट, पण कामाला त्या कधीच भ्यायल्या नव्हत्या.

भ्यायल्या त्या घराला. दादा खिडकीपाशी रस्त्याकडे पाठ करून बसू लागले होते. येरझारा थांबल्या होत्या, आणि येरझारांपेक्षा ते वाईट होतं. फेरीवरून आल्यावर वहिनी काही सांगू लागल्या की छान, छान म्हणत आणि झोप आल्याचं सांगत. जेवणाचं ताट तसंच राही. जे टळावं म्हणून सगळी लपवाछपवी केली होती, तेच शेवटी वाट्याला आलं होतं, आणि यावर काय करायचं ते कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

एका संध्याकाळी वहिनी टेबलापाशी बसून कागद पक्के करत होत्या. समोरची खुर्ची रिकामी. सवयीनं त्या मोठ्यानं वाचत होत्या, कुणी ऐकावं म्हणून नव्हे. पुलानंतर बाजारचौक, चौकात विहिरीपाशी उजवीकडे.

"थांब," खिडकीतून आवाज आला. "चौकात मी कुठून शिरलो?"

"पुलावरून."

"पुलावरून चौक लगेच लागतो?"

"नाही, मधे चढण आहे. दोन्हीकडे दुकानं."

"मग चढण लिही. मी अजून पुलावरच उभा आहे."

वहिनींनी चढण लिहिली. दादा उठून टेबलाशी आले, खुर्ची चाचपून बसले आणि म्हणाले, हं, पुढे. त्यांचं एक बोट टेबलावर चालू लागलं. विहिरीपाशी ते वळलं, सरळ गेलं, पुन्हा अडलं. गल्ल्या दोन आहेत की एकच? रुंद कुठली? डोळसाला जी अडचण कधी पडली नसती ती दादांना पडे, आणि तिथेच नेमकं वाक्यात भोक असे. रस्ता डोळ्यांनी बघितलेल्या माणसाला आपण काय लिहायचं विसरलो ते दिसत नाही. दादांना तेवढंच दिसे. त्या रात्री त्यांनी पोटभर जेवण केलं.

मालकांनी हे ऐकलं आणि चिठ्ठ्या टाकणं बंद केलं. परका घरातच मिळाल्यावर तो बाहेर शोधायचा कशाला, म्हणाले. तेव्हापासून वाटपुस्तकातली प्रत्येक वाट मोटारवाल्यांच्या आधी दादांनी त्या टेबलावर बसून केली. सकाळपासून ते विचारत, वहिनी कधी येणार, कुठल्या रस्त्यानं येणार, आणि वहिनी आल्या की त्यांना कोटही काढू देत नसत.

अशाच एका संध्याकाळी डोंगराकडच्या नव्या रस्त्याचं वाचन चाललं होतं. माथा झाला, उतार झाला. वहिनी वाचत होत्या, "उतारावर डाव्या हाताला बुटकं घर. दारात बाक. बाकावर म्हातारा-म्हातारी बसलेली."

दादांचं बोट थांबलं. "माणसं खूण म्हणून चालायची नाहीत. उठून आत जातील."

"ती पुस्तकासाठी नाहीत," वहिनी म्हणाल्या. "तुमच्यासाठी आणलीत."

दादांनी विचारलं, "काय करत होती?"

"काही नाही. ऊन खात होती. म्हातारी काहीतरी बोट दाखवून सांगत होती म्हाताऱ्याला."

"आणि तो?"

"ऐकत होता."

"बरं," दादा म्हणाले, आणि त्यांनी बोट उचललं नाही. "इथं जरा थांबू. मग पुढे वाच."